थंड प्रदेशातलं घर : आधी दक्षिणेची भिंत की आधी छतावरचं पॅनल?

कातळवाट (धागाकर्ता)

सोलर म्हटलं की आपल्याकडे दोनच वस्तू आठवतात: गच्चीवरचा पाण्याचा बंब आणि काळी-निळी पॅनलं. पुण्या-नाशकात ते ठीकच आहे. आपली सगळी धडपड ऊन घराबाहेर ठेवण्याची असते. पण जानेवारीत रात्री पारा उणे वीसपर्यंत उतरणाऱ्या लेहमध्येही लोक हेच समीकरण घेऊन येतात, आणि तिथे माझं वाजतं.

मी वास्तुरचनाकार, मूळचा नाशिकचा. लडाखमध्ये अधूनमधून कामं असतात. लेह साधारण ३,५०० मीटर उंचीवर, ३४ अक्षांशावर आहे. पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटर, आणि तीनशेच्या वर दिवस ऊन. डिसेंबरात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून फक्त ३२ अंश वर असतो, म्हणजे दक्षिणेकडच्या उभ्या भिंतीवर ऊन जवळजवळ समोरून येतं. जूनमध्ये तोच सूर्य ७९ अंशांवर जातो आणि साध्या छज्ज्याने अडतो. त्यामुळे दक्षिणेच्या उभ्या काचेवर जूनपेक्षा डिसेंबरात जास्त ऊन पडतं. उन्हाळ्यात सावली आणि हिवाळ्यात ऊन, ना मोटर ना बटण.

आता हिशेब. स्वच्छ आकाशात दुपारी अशा काचेवर चौरस मीटरला ८०० वॅटच्या आसपास ऊन येतं. त्यातलं सत्तर टक्के तरी आत शिरतं. दहा चौरस मीटर काच म्हणजे साडेपाच किलोवॅट, जवळपास तीन मोठे रूम हीटर फुकट चालू. तेवढ्याच जागेत पॅनलं लावली तर उन्हाची वीस-बावीस टक्केच वीज होते. मग ती वीज तारेतून आणून हीटरमध्ये जाळायची. हा द्राविडी प्राणायाम कशासाठी?

यात नवीन काहीही नाही. काळी रंगवलेली जाड भिंत, तिच्यापुढे वितभर अंतरावर काच, वर-खाली झरोके, अशी भिंत फ्रान्समध्ये पिरेनीज पर्वतातल्या ओदेयो गावी फेलिक्स ट्रॉम्ब यांनी १९६७ साली घरात वापरून दाखवली. दिवसभर तापलेली भिंत रात्री आत ऊब सोडते. लडाखमध्ये १९८३ पासून काम करणाऱ्या लेडेग या संस्थेने अशा भिंती गावागावांत नेल्या. फे गावाजवळचा सेकमॉल या शिक्षणसंस्थेचा परिसर मातीच्या ठोकीव भिंतींचा आहे. तिथे हिवाळ्यात दक्षिणेच्या बाजूला प्लॅस्टिकचं हरितगृह लावतात आणि उन्हाळ्यात ते गुंडाळून ठेवतात. तिथल्या मोठ्या इमारतीला २०१६ साली मातीच्या बांधकामासाठीचा आंतरराष्ट्रीय टेरा पुरस्कार मिळाला.

असं असताना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या सूर्यघर योजनेत लडाखमधल्या घराला तीन किलोवॅटच्या पॅनलसाठी ८५,८०० रुपये अनुदान आहे. आपल्याकडे ७८,०००, डोंगरी भागांना दहा टक्के जास्त. ती योजना पॅनलचीच आहे, हे मान्य. पण त्यामुळे घरमालकाच्या डोक्यात 'सोलर झालं' अशी खूण होते आणि खाली तेच उत्तराभिमुख, नऊ इंची भिंतींचं, बिनइन्सुलेशनचं काँक्रीटचं खोकं राहतं.

माझं म्हणणं एवढंच: थंडीच्या मुलखात पहिला रुपया दक्षिणेची काच, जाड भिंत आणि छताचं इन्सुलेशन यांवर जावा. पॅनल त्यानंतर. विरोधी मतं येऊ द्या.


शॉर्टसर्किट

विरोधी मत मागितलंय तर घ्या. मी नागपूरचा, सोलर बसवण्याच्या धंद्यात आहे, त्यामुळे माझा स्वार्थ आधीच जाहीर करतो.

पॅनलला ऊन हवं असतं, उष्णता नको असते, हे तुम्ही सोयीस्करपणे गाळलंत. पॅनलची क्षमता २५ अंश तापमानाला मोजलेली असते. त्याच्यावर प्रत्येक अंशाला साधारण ०.३५ टक्के वीज कमी होते. आमच्याकडे मे महिन्यात गच्चीवर पॅनल ६५ अंशांवर जातं, म्हणजे चौदा टक्के तिथेच गेले. लेहमध्ये उन्हात असलेलं पॅनलही गार राहतं, हवा विरळ, धूळ-धुकं कमी, वर बर्फावरून परावर्तित होणारं ऊन. देशात पॅनलसाठी याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही.

आणि 'वीज तारेतून आणून हीटरमध्ये जाळायची' हे वाक्य वीस वर्षांपूर्वीचं आहे. आता हीट पंप आहेत. एक युनिट वीज खाऊन, बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून, एकूण अडीच-तीन युनिट ऊब आत ढकलतात. म्हणजे तुमच्या दहा चौरस मीटर जागेतली माझी दोन किलोवॅट वीज घरात पाच किलोवॅट ऊब देईल. काच आणि पॅनल बरोबरीत आले. शिवाय माझ्या विजेवर दिवा, फ्रिज, वायफाय, पाण्याचा पंप सगळं चालतं. तुमच्या भिंतीवर मोबाईल चार्ज होतो का?


कातळवाट

उणे वीसला तोच हवेवरचा पंप अडीच-तीन देईल का, तेही सांगा. तिथे दोनवर आला तरी खूश व्हायचं. आणि गरज नेमकी पहाटे चारला असते, जेव्हा तुमचं पॅनल झोपलेलं असतं.


इजारमुक्काम

ऊन, ऊन, ऊन! धागाकर्त्यांनी लेहचं आकाश गृहीत धरून सगळ्या थंड प्रदेशांचा नियम केलाय. मी म्युनिकजवळ राहते. इथे डिसेंबरात भर दुपारी सूर्य १८ अंशांवर असतो, तोही दिसला तर. नोव्हेंबर ते जानेवारी आकाश म्हणजे ओली राखाडी गोधडी. दक्षिणेची मोठ्ठी काच लावून बसलात तर दिवसा काही मिळणार नाही आणि रात्री आहे ते जाईल.

म्हणून जर्मन लोकांनी उलटा रस्ता धरला. डार्मश्टाटला १९९१ साली पहिलं पासिव्हहाउस उभं राहिलं. त्याचं गणित ऊन गोळा करण्यापेक्षा ऊब गळू न देण्याचं आहे: जाड इन्सुलेशन, तिहेरी काच, फट नावालाही नाही, आणि बाहेर जाणाऱ्या शिळ्या हवेतली उष्णता आत येणाऱ्या ताज्या हवेला देणारं यंत्र. खोल्या गरम करायला वर्षाला चौरस मीटरमागे फक्त १५ युनिट उष्णता. शंभर चौरस मीटरच्या घराला वर्षभरात दीड हजार युनिट! जुन्या जर्मन घरांना याच्या दसपट सहज लागते.

आता शॉर्टसर्किट, तुमच्याकडे वळते. इथे एक किलोवॅट पॅनल वर्षाला साधारण हजार युनिट देतं. पण डिसेंबरात त्यातली वीस-पंचवीस. म्हणजे छतभर दहा किलोवॅट लावली तरी डिसेंबरात अडीचशेच्या आत. मध्यम इन्सुलेशनच्या घरात हीट पंपच एकटा त्या महिन्यात सातशे युनिट खाईल. उरलेली वीज कुठून येते? ग्रिडमधून. वर्षअखेरीला बेरीज जुळते आणि शेजारी म्हणतात, आमचं घर सूर्यावर चालतं. चालतं, जुलैमध्ये.


रिकामटेकडा

दक्षिणेकडे तोंड करून घर? आमच्या वास्तुवाल्या काकांना हा धागा दाखवू नका, तिथल्या तिथे आडवे होतील.


कातळवाट

@रिकामटेकडा, लेहच्या हिवाळ्यात काकांना चार दिवस उत्तरेच्या खोलीत ठेवा, शास्त्र आपोआप बदलेल.

@इजारमुक्काम, मुद्दा मान्य आहे. म्हणूनच मी काच, भिंत आणि इन्सुलेशन अशी तिन्ही नावं घेतली. लेहमध्येही नुसत्या काचेचा उपयोग नाही. माझाच आकडा माझ्यावर उलटवून दाखवतो. दहा चौरस मीटर काचेतून दिवसभरात समजा ३५ युनिट उष्णता आत आली. रात्री आत १५ आणि बाहेर उणे २०, म्हणजे ३५ अंशांचा फरक. काच एकेरी असेल तर तिच्यातून ताशी दोन युनिट बाहेर जातात. सोळा तासांची रात्र धरा, बत्तीस युनिट गेली. दिवसभराची कमाई सकाळपर्यंत साफ. दुहेरी काचेत हा तोटा निम्मा होतो, आणि वर जाड पडदा किंवा इन्सुलेशन भरलेली झडप लावली तर आणखी निम्मा. लेहमधल्या कितीतरी हॉटेलांत आता दक्षिणेला एकेरी काचेची भिंतच्या भिंत दिसते. दुपारी घाम फुटतो, मध्यरात्री रजईखाली हुडहुडी.


सुभेदार_निवृत्त

राम राम मंडळी. मी सातारा जिल्ह्यातला. नोकरीत लडाखची थंडी भोगली आहे, त्यामुळे चार शब्द.

आमच्या वेळी एकच उपाय होता, बुखारी. रॉकेल टाका आणि पेटवा. बुखारीजवळ बसलेल्याची पाठ गार आणि तोंड भाजलेलं. रात्री चालू ठेवून दार बंद केलं की कार्बन मोनॉक्साइडची भीती, बंद केली की बादलीतलं पाणी सकाळी दगड. त्यात ते रॉकेल खालून घाट चढून ट्रकनं आणायचं, पुढे चौकीपर्यंत माणसाच्या नाहीतर खेचराच्या पाठीवर. तिथं रॉकेलची किंमत पंपावरच्या पाटीवर वाचायची नसते.

२०२१ च्या फेब्रुवारीत सोनम वांगचुक यांनी सैन्यासाठी सौर तंबू दाखवला होता. दहा जवान झोपतील एवढा, सुटे भाग प्रत्येकी तीस किलोच्या आत. बाहेर उणे १४ असताना आत अधिक १५, असं त्यांनी थर्मामीटरचे फोटो टाकून सांगितलं होतं. त्यात पण दक्षिणेला ऊन घेणारा भाग, मध्ये उष्णता धरणारी भिंत आणि मागे झोपायची जागा. म्हणजे धागाकर्ते म्हणतात तेच. पॅनलला माझा विरोध नाही, रेडिओ चालवायला लागतंच. पण जवानाला आधी झोप लागली पाहिजे.

(त्यांच्या राजकारणावर इथं कुणी घसरू नये ही विनंती.)


स्पष्टच_बोलतो

सगळं छान छान चाललंय, तर थोडं मीठ घालतो.

ही मातीची भिंत, ही ट्रॉम्ब भिंत इतकी गुणी आहे तर लडाखी माणूस स्वतः काँक्रीट का बांधतोय? बाहेरून गेलेल्या आर्किटेक्टांना आणि परदेशी संस्थांना माती फार आवडते. कारण दर वर्षी छतावर माती चोपायला, भिंती लिंपायला ते तिथे नसतात. ऑगस्ट २०१० ची ढगफुटी आठवा. एका रात्रीत लेहमध्ये दोनशेहून अधिक माणसं गेली, मातीची घरं चिखलात मिसळली. त्यानंतर ज्याच्याकडे पैसा आला त्याने सिमेंट आणलं, तर त्याला मागासलेला म्हणायचं का? पोरं लेह-जम्मू-चंदीगडला शिकायला-नोकरीला. घरात म्हातारा-म्हातारी. हरितगृहाचं प्लॅस्टिक ऑक्टोबरात चढवायचं, मे महिन्यात उतरवायचं, रोज संध्याकाळी झडपा लावायच्या, सकाळी उघडायच्या, हे करणार कोण?

पॅनल एकदा बसवलं की माणूस मोकळा. गरिबाला 'पर्यावरणस्नेही' कष्ट शिकवणं सोपं असतं.


शॉर्टसर्किट

+१. शब्दाशब्दाशी सहमत.


म्हाळसाकांतची_बहीण

-१. माझ्या माहितीतलं सांगते. लेहपासून लांबच्या गावांत हिवाळ्यासाठी गोवऱ्या आणि झुडपं गोळा करण्याचं काम बहुतेक बायकांचं. उन्हाळाभर तेच. शिवाय धुरात स्वयंपाकघर, धुरात मुलं. 'झडपा कोण लावणार' हा प्रश्न विचारणाऱ्याने 'गोवऱ्या कोण थापणार' हाही विचारावा. दोरी ओढून झडप लावायला दोन मिनिटं लागतात.


कातळवाट

@स्पष्टच_बोलतो, तुमच्या प्रतिसादातला अर्धा भाग मी प्रिंट काढून ग्राहकांना दाखवेन. २०१० चं खरं आहे. पण तेव्हा नाल्याच्या वाटेत बांधलेलं सगळंच गेलं, त्यात सिमेंटची बांधकामंही होती. पाऊस वाढतोय, मातीचं सपाट छत गळतं, हे मी स्वतः पाहिलंय. म्हणून छत पत्र्याचं उतरतं करा, पाया दगडाचा उंच घ्या, भूकंपासाठी पट्टे काँक्रीटचे घाला. मातीवर माझं व्रत नाही. सिमेंटच्या घराला दोन भिंतींच्या मधे लाकडाचा भुसा किंवा पेंढा भरा, छताखाली इन्सुलेशन घाला, दक्षिणेला दुहेरी काच द्या. तेही सौर घरच झालं. सूर्याला काँक्रीटचं वावडं नाही.

खरी अडचण तुम्ही म्हणता त्याहून वेगळी आहे, आणि तिच्यावर कुणी बोलत नाही: शेजारी. लेह शहरात आता प्लॉटला प्लॉट चिकटलेत. तुमच्या दक्षिणेला साडेसहा मीटर उंचीची दुमजली इमारत उभी राहिली तर डिसेंबरात भर दुपारी तिची सावली दहा मीटर लांब पडते. सकाळ-संध्याकाळ त्याहून कितीतरी जास्त. म्हणजे तुम्ही लाखभर रुपये घालून केलेली काच शेजाऱ्याच्या गेस्ट हाउसच्या सावलीत. बांधकाम नियमांत सामासिक अंतर (इमारत आणि हद्द यांमधली मोकळी जागा) चारही बाजूंना सारखं धरण्याची पद्धत मैदानातून जशीच्या तशी वर गेली आहे. थंड गावात दक्षिणेचं अंतर जास्त आणि उत्तरेचं कमी हवं. उन्हावर शेजाऱ्याचाही हक्क आहे असं मानलं तरच हे सगळं टिकेल. नाहीतर छतावरचं पॅनल जिंकलं, कारण छतावर तरी ऊन उरतं.


शॉर्टसर्किट

जिंकलं हे मान्य केल्याबद्दल आभारी आहे.


चिनूकचा_वारा

कॅनडातल्या कॅल्गरीहून. इथे सूर्य डोक्यावर येतच नाही, पण आकाश म्युनिकपेक्षा बरंच स्वच्छ असतं. उणे तीसच्या दिवशीही लख्ख ऊन असू शकतं. त्यामुळे पॅनलं भरपूर दिसतात. बर्फाने वीज बुडते ती वर्षाच्या हिशेबात काही टक्केच, कारण बर्फाच्या महिन्यांत दिवसच लहान. कृपया बर्फ झाडायला छतावर चढू नका. तिरक्या पॅनलवरून तो आपोआप घसरतो. पॅनल काळं असतं, एक कोपरा उघडा पडला की बाकीचा निघतो.

पण मला इथली एक गोष्ट सांगायची आहे, कारण ती दोन्ही पक्षांना पचायला जड जाईल.

कॅल्गरीच्या दक्षिणेला ओकोटोक्स नावाचं गाव आहे. तिथे २००७ साली ड्रेक लँडिंग नावाची ५२ घरांची वसाहत सुरू झाली. गॅरेजच्या छतांवर जवळपास ८०० संग्राहक. वीज करणारे नव्हेत, गोठू नये म्हणून ग्लायकॉल मिसळलेलं पाणी तापवणारे. उन्हाळ्यातली ही उष्णता जमिनीत ३७ मीटर खोल १४४ विंधनछिद्रांत साठवायची आणि हिवाळ्यात परत काढून घरं गरम करायची. जुलैचं ऊन जानेवारीत. आणि ते चाललं! २०१५-१६ च्या हिवाळ्यात खोल्या गरम करण्याची जवळजवळ शंभर टक्के गरज सूर्यावर भागली. जगभरातून लोक बघायला यायचे.

मग सुटे भाग निकामी व्हायला लागले. संग्राहक, पंप, नळ. इतक्या वेगळ्या यंत्रणेचे भाग आणि ते दुरुस्त करणारी माणसं मिळेनात, खर्च परवडेना. २०२४ मध्ये यंत्रणा बंद करायचं ठरलं आणि घरं नैसर्गिक वायूच्या भट्ट्यांवर गेली. सूर्य होता, जमीनही गरम होती. प्लंबर नव्हता.

दुसरी गोष्ट याहून जुनी. सस्कॅचवान प्रांतातल्या रिजायना शहरात १९७७ साली एक प्रायोगिक घर बांधलं. जाड इन्सुलेशन, हवाबंद, शिळ्या हवेतून उष्णता परत घेणारं यंत्र, आणि वर महागडी सौर संग्राहकांची यंत्रणा. त्यातली सौर यंत्रणा सतत कटकट करायची, शेवटी काढून टाकली. घर मात्र तसंच उबदार राहिलं. इजारमुक्काम यांच्या पासिव्हहाउसचं मूळ शोधत गेलं तर वाट या घरावरून जाते.

मी यातून घेतो ते असं: ज्याला पंप, झडपा आणि गळणारे सांधे आहेत ते पंधरा-वीस वर्षांनी कुणीतरी दुरुस्त करावं लागणार. भिंतीतला कापूस कुणाला फोन करत नाही.


इजारमुक्काम

चिनूक, अगदी! मात्र एक भर. पासिव्हहाउसमध्येही हवा फिरवणारं यंत्र आहे, त्याचे फिल्टर बदलावे लागतात. आणि उन्हाळ्यात दक्षिण-पश्चिमेच्या काचेला बाहेरून शटर नसेल तर हीच घरं भट्टीसारखी तापतात. आता जून-जुलैत इथेही ३५ होतं. भारतातून आलेले नातेवाईक म्हणतात, खिडक्या उघडा की. दुपारी उघडल्या तर बाहेरची आग आत येते, हे त्यांना पटवणं हा एक स्वतंत्र प्रकल्प आहे.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांसाठीही सांगते. भिंत माझी नाही, छत माझं नाही, तर मी काय करू? मी बाल्कनीच्या कठड्याला दोन पॅनलं लावली आहेत. मे २०२४ पासून ८०० वॅटपर्यंतचा इन्व्हर्टर साध्या नोंदणीवर चालतो, घरातल्या प्लगमध्ये खोचायचं. वर्षाला पाचशे-सातशे युनिट मिळतात. हिवाळ्यात फ्रिजपुरतंही कधी कधी नाही. तरी घ्यावं, कारण वीज महाग आहे आणि पॅनल घर बदलताना सोबत येतं. धागाकर्त्यांचा 'पहिला रुपया भिंतीवर' हा नियम स्वतःचा प्लॉट असलेल्यांचा नियम आहे, एवढं ध्यानात असू द्या.


देवदाराखाली

माझा प्रश्न अगदी व्यवहारी आहे. आम्ही नवरा-बायकोने निवृत्तीनंतर कुमाऊँमध्ये मुक्तेश्वरच्या बाजूला छोटा होमस्टे काढायचं ठरवलं आहे. उंची दोन हजार मीटरच्या वर, जानेवारीत रात्री शून्याच्या खाली. जागा उतारावर. गंमत अशी की त्रिशूळ, नंदादेवी ही सगळी शिखरं दिसतात उत्तरेला! पर्यटक पैसे देतो त्या दृश्याचे. आमच्या ठेकेदाराने आराखड्यात उत्तरेची अख्खी भिंत काचेची काढली आहे आणि दक्षिणेला बाथरूम, जिना, स्टोअर. हा धागा वाचल्यापासून यांची झोप उडाली आहे. बदलावं का? छतावर तीन किलोवॅट पॅनल आणि खोलीत हीटर लावून निभावेल का?


स्पष्टच_बोलतो

धंदा करायचाय ना? मग उत्तरेची काच ठेवा. नंदादेवीऐवजी ऊबदार भिंत दाखवलीत तर रिव्ह्यूमध्ये एक तारा.


शॉर्टसर्किट

निभावेल का याचं सरळ उत्तर: एका खोलीत दोन किलोवॅटचा हीटर रात्रभर, समजा आठ तास, म्हणजे सोळा युनिट. चार खोल्या भरल्या तर चौसष्ट. तीन किलोवॅट पॅनल हिवाळ्यात दिवसाला दहा-बारा युनिट देईल. त्यामुळे नाही. ग्रिडला जोडलेलं ठेवा, बिल कमी होईल, गरमी फुकट होणार नाही. पाहुण्यांना गादीवरची इलेक्ट्रिक चादर द्या, ती शंभर वॅटच्या आसपास खाते. हीटरपेक्षा ती परवडते.

ग्रिड जाणाऱ्या गावात बॅटरी लागेल. इथे माझ्या धंद्यातल्या लोकांसाठी दोन धोक्याच्या सूचना, ज्या मैदानातले कंत्राटदार विसरतात. एक, थंडीत पॅनलचा व्होल्टेज वाढतो. उणे २५ ला तो लेबलपेक्षा चौदा टक्क्यांच्या आसपास वर जातो. नागपूरच्या सवयीने ४५ व्होल्टची तेरा पॅनलं एका ओळीत जोडलीत तर कागदावर ५८५, आणि लेहच्या पहिल्या स्वच्छ सकाळी साडेसहाशेच्या वर. ६०० व्होल्टचा इन्व्हर्टर तिथेच गेला. दोन, लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी शून्याच्या खाली चार्ज करायची नसते, खराब होते. शिसे-आम्लाची बॅटरी थंडीत क्षमता गमावते आणि रिकामी असेल तर गोठून फुटते. बॅटरी घराच्या उबदार भागात ठेवा.


कातळवाट

'बॅटरी घराच्या उबदार भागात ठेवा'. हे वाक्य शॉर्टसर्किट यांच्याकडून आलंय याची नोंद घ्यावी. तो उबदार भाग आणणार कुठून?


शॉर्टसर्किट

पॅनलवर चालणाऱ्या हीट पंपातून, साहेब. :) पण बरं, मुक्तेश्वरच्या प्लॉटपुरतं तुमच्या बाजूने मत देतो. नवीन बांधताय, भिंत अजून कागदावर आहे, तर कागदावर खोडरबर स्वस्त. माझा विरोध बांधून झालेल्या लाखो घरांसाठी आहे. ती कुणी फिरवून दक्षिणेकडे करणार नाही. तिथे आधी छत, मग बाकीचं.


कातळवाट

बांधून झालेल्या घरातही आधी छताखालचं इन्सुलेशन आणि खिडक्यांच्या फटी. त्यावर मी हटणार नाही. दिवसाला पन्नास युनिट गळणाऱ्या घराला दहा युनिटचं पॅनल लावण्याआधी गळती तीसवर आणा, मग पुढचा पंपही लहान लागतो आणि पॅनलही.

@देवदाराखाली, ठेकेदाराला उद्याच फोन करा. जिना, बाथरूम, स्टोअर उत्तरेच्या बाजूला सरकवा, पण सलग भिंत करू नका. त्यांच्या मधे प्रत्येक खोलीला उत्तरेची एकच खिडकी, बेताची, तिहेरी किंवा निदान दुहेरी काचेची, पलंगावर बसल्यावर शिखरं दिसतील अशा उंचीवर. दृश्याला भिंतभर काच लागत नाही, चौकट नेमकी लागते. दक्षिणेला खोल्यांची मोठी काच आणि तिच्यापुढे बंदिस्त काचेचा व्हरांडा. सकाळचा चहा पाहुणे तिथेच घेतील, आणि दुपारी त्याचं दार उघडं ठेवलं की ऊब खोलीत. व्हरांड्याची जमीन गडद दगडाची करा, वर गालिचा टाकू नका. छतात किमान चार इंच इन्सुलेशन. पावसाळ्यात तिकडे ओल असते, तेव्हा भुसा-पेंढ्याच्या फंदात पडू नका, तो कोरड्या लडाखचा उपाय आहे. छज्जा किती बाहेर काढायचा ते खिडकीच्या उंचीवर ठरेल, मापं टाका, सांगतो.

आणि दक्षिणेला देवदार किती जवळ आहेत? डिसेंबरात त्यांची सावली कुठवर येते ते जागेवर जाऊन पाहा, दुपारी बाराला. आराखडा त्यानंतर नक्की करा.


देवदाराखाली

देवदार दक्षिणेलाच आहेत. चांगले उंच. ते तोडणार नाही, हे आधीच ठरलंय. मापं टाकते.


शॉर्टसर्किट

वहिनी, मग छताचंही माप टाका.